चौदा एप्रिलची एकोणीस मुलं

शेंडे गुरुजी गेल्याचं मला चंद्रपूरजवळच्या मूल गावच्या बाजारात, राईस मिलच्या फाटकासमोर कळलं. आमच्या गावचा देवराव लेकीला भेटायला मूलला आला होता. त्याने आधी पाऊसपाण्याचं विचारलं, मग माझ्या बदलीचं, आणि पिशवी या हातातून त्या हातात घेताना म्हणाला, "तो तारखावाला मास्तर खपला म्हणते." मी विचारलं, कधी? तर त्याला धड सांगता येईना. मंगळवारी असेल, नाहीतर बुधवारी... बाजाराच्या आधी, एवढं नक्की. ज्या माणसाने वर्षाचा एकही दिवस कोरा जाऊ दिला नाही, त्याच्या मरणाचा दिवस गावाला ठाऊक नव्हता. मी देवरावला दोन शब्द सुनवायला हवे होते. तेव्हाही मी गप्पच राहिले. गुरुजींच्या बाबतीत गप्प राहायची मला सवय लागून गेली होती, आणि त्या सवयीचं काय झालं ते सांगायलाच दीड महिन्यानंतर हे लिहायला बसले आहे.

आमचं पळसबोडी वर्धा नदीच्या अंगाचं, कापसा-ज्वारीचं गाव. आमच्या वस्तीतली माणसं छप्पन्न साली बैलबंड्या जुंपून, पुढे मिळेल त्या गाडीने नागपूरला गेली आणि दीक्षा घेऊन परत आली. त्यांच्यातच विशीतले शेंडे गुरुजी होते. पुढे ते आमच्याच शाळेवर मास्तर झाले, मग हेडमास्तर. शाळा म्हणजे दोन खोल्या, एक पडवी आणि पडवीत टांगलेला एक काळा फळा. त्या फळ्याला हात लावायची कोणाची बिशाद नव्हती. रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी गुरुजी त्यावर आजच्या तारखेला जगात काय काय घडलं ते लिहीत. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या हाताने शिवलेली एक जाडजूड वही होती, एका तारखेला एक पान. दोन दिवस शिळा पेपर, कॅलेंडरची मागची बाजू, रेडिओ, कोणाच्या घरी भज्यांचा कागद आला तरी तो... जिथे तारीख दिसेल तिथून ते उचलत आणि त्या पानावर उतरवत. इकडे एखादं राज्य बुडालेलं, तिकडे कोणाचा जन्म, मध्येच भूकंप. आम्हा पोरांना वाटायचं, एवढं सगळं एकाच दिवशी झालं! मग गुरुजी साल दाखवायचे आणि आमचा हिरमोड व्हायचा.

चौदा एप्रिलचं पान मला अजून पाठ आहे. सर्वांत वर जयंती, रंगीत खडूने. तिच्याखाली, त्याच तारखेला एक मोठं जहाज समुद्रात बर्फावर आदळलं. आणि त्याच्याखाली, त्याच तारखेला मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याचं जहाज फुटलं आणि आगीत माणसं मेली. एकदा वस्तीतल्या काही जाणत्या माणसांनी हरकत घेतली की आजच्या दिवशी हे अभद्र काऊन लिहिता, जयंती तेवढी ठेवा. गुरुजींनी खडू खाली ठेवला नाही. दिवस कोण्या एकाच्या मालकीचा नसतो, जन्मणाऱ्याचा असतो तसा मरणाऱ्याचाही असतो, असं म्हणून त्यांनी गोदीची ओळ पूर्ण केली. तेव्हा मला ते हट्टी वाटले होते. होतेच हट्टी.

पण त्यांच्या त्या वहीचा खरा उपयोग जून महिन्यात व्हायचा. पोराचं नाव शाळेत घालायला आई यायची आणि जन्मतारीख विचारली की सांगायची, पऱ्हाटी वेचत होतो तवा झाला. नाहीतर पोळ्याच्या आगंमागं. बाकी सगळ्या मास्तरांनी अशा पोरांसाठी एक जुलै ठरवून टाकली होती; लिहायला सोपी आणि पहिलीच्या वयात बसणारी. खुद्द गुरुजींच्या सर्व्हिस बुकातही एक जुलैच होती, आणि त्याचा त्यांना मनस्वी राग होता. मग ते काय करायचे, तर आईला खोदून खोदून विचारायचे. थंडी होती का, पीक कोणतं उभं होतं, शेजारी कोण बाळंत झालं होतं... त्यावरून साल आणि ऋतू पक्का करायचे, वही उघडायचे आणि त्या आसपासचा एक चांगला दिवस त्या पोराला द्यायचे. मी कापूस वेचणीतली. मला त्यांनी तीन जानेवारी दिली, देशातल्या पहिल्या मास्तरणीचा जन्मदिवस. तेव्हा मी सहा वर्षांची शेंबडी पोर होते. पुढे मी मास्तरीण झाले यात त्या तारखेचा हात किती आणि माझा किती, मला सांगता येत नाही.

माझा धाकटा भाऊ विलास शाळेत जायच्या वयाचा झाला तेव्हा आई त्याला घेऊन गेली, सोबत मीही होते. आईने तारखेचा प्रश्न यायच्या आधीच सांगून टाकलं की याले जयंतीचा दिवस द्या. गुरुजी म्हणाले, बाई, हा श्रावणातला आहे, याला एप्रिल कसा देऊ? आई जागची हलली नाही. "त्याहीनं आमाले माणूस केलं, गुरुजी. माह्या पोराचा दिवस त्याहीचा असन तर कोणाचं काय जाते?" गुरुजींनी बराच वेळ वही चाळल्यासारखं केलं. आईला नाही म्हणणं सोपं नाही, हे मी त्या घरात वाढले म्हणून सांगते. शेवटी त्यांनी लिहिलं, चौदा एप्रिल. झालं! दुसऱ्याच दिवशी शेजारची बाई पोरगं काखेत मारून हजर, तिच्या मागे तिची जाऊ. एकाला दिलं तर दुसऱ्याला नाही कसं म्हणणार? दोनच वर्षांत आमच्या वस्तीतली एकोणीस मुलं चौदा एप्रिलला जन्मली. साल प्रत्येकाचं खरं होतं, गुरुजींनी त्यात कधी हयगय केली नाही. दिवस तेवढा आयांनी मागून घेतलेला. दरवर्षी जयंतीला ही एकोणीस मुलं एका ओळीत उभी राहायची आणि गुरुजी त्यांना खडीसाखर वाटायचे. सांगू का, त्या ओळीत आपण नाही म्हणून मला रडू यायचं.

ऐंशी सालानंतर आमच्या शेतांखाली कोळसा निघाला. खाण आली, शेतं गेली, आणि ज्याची जमीन गेली त्याच्या घरातल्या एकाला खाणीत पक्की नोकरी, असा शब्द मिळाला. वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला लावायचा होता. वरच्या वस्तीतली मुलं शेजारच्या गावच्या शाळेत शिकलेली. त्यांच्या दाखल्यांवर झाडून सगळ्यांची एक जुलै. ते दाखले एका दिवसात पास झाले. अर्धा जिल्हा एक जुलैला जन्मला याचं कोणत्याही साहेबाला कधी नवल वाटलेलं नाही. आमच्या एकोणीस जणांचे दाखले मात्र बाजूला काढले गेले. एकाच वस्तीची एकोणीस पोरं, सगळी चौदा एप्रिलची... बोगस असणार, बसून बनवलेले असणार. चौकशी लागली. साहेब स्वतः शाळेत येणार, हेडमास्तरांचा जबाब घेणार, शाळेत आल्या-गेल्या पोरांचं दाखल-खारीज रजिस्टर तपासणार असं पत्र आलं.

मला तेव्हा मूलला नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. विलासचा अर्ज होता म्हणून रजा टाकून गावी आले. चौकशीच्या आदल्या दुपारी वस्तीतली पुरुषमंडळी आणि आम्ही शिकलेले चार जण विहारात जमलो आणि गुरुजींना मध्ये बसवलं. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं. उद्या साहेबाने विचारलं तर सांगायचं की आयांनी जी तारीख सांगितली ती मी लिहिली. बस. तारीख मी ठरवली असं सांगितलं की एकोणीस घरं बसली. गुरुजी तयार होईनात. जो माणूस रोज सकाळी पोरांकडून पंचशील म्हणून घेतो, खोटं बोलणार नाही ही चौथी ओळ दोनदा म्हणून घेतो, त्याला आम्ही खोटं बोल म्हणत होतो. शेवटी मी पुढे झाले. मला वाटत होतं माझं ते ऐकतील. मी म्हणाले, गुरुजी, एक वाक्य आहे, विलासच्या जन्मभराचा प्रश्न आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "तू तुह्या शाळेत पोराईले काय शिकवतं, निर्मला?" मला राग आला. मी म्हणाले, मी आधी पोरांची पोटं बघते. हे मी गुरुजींना म्हणाले, ज्यांनी मला पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले. बाहेरच्या प्रांतातला माणूस, हिंदी बोलणारा, पण वाईट नव्हता. सोबत आपल्याकडचा एक कारकून. मला मास्तरीण म्हणून खोलीच्या दाराशी उभं राहू दिलं. बाकी गाव शाळेच्या आवाराबाहेर, लिंबाखाली. साहेबाने रजिस्टर पाहिलं, पानं उलटली आणि हसून विचारलं, "गुरुजी, पूरा मोहल्ला एक ही दिन पैदा हुआ क्या?" गुरुजी उभे होते. त्यांनी खुर्ची घेतली नव्हती. ते म्हणाले, आयांनी जी तारीख सांगितली तीच मी लिहिली. आवाज अगदी स्वच्छ होता. कारकुनाने ते लिहून घेतलं, गुरुजींनी खाली सही केली. सही करताना त्यांनी चष्मा काढून ठेवला होता. मला हायसं वाटलं. सुटलो बुवा, असं वाटलं!

मग साहेब म्हणाले, ठीक आहे, एखाद्या आईला बोलवा.

आता हे कसं सांगू... आदल्या दिवशी आम्ही दुपारभर विहारात डोकं लावत बसलो होतो. कोणी काय बोलायचं, कागद कोणत्या क्रमाने ठेवायचे, साहेबाला चहा कोणाकडून जायचा, सगळं ठरलं. पण आयांना कोणी काही सांगितलंच नाही. बायांना कोण विचारतंय, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. पुरुषांचं एक वेळ सोडा. मी त्याच घरात, त्याच आईच्या शेजारी जेवले. तिने विचारलंही होतं, काय ठरलं गं? मी म्हणाले, काही नाही, होईल सगळं बरोबर. शिकलेली मुलगी अडाणी आईला जसं उडवून लावते तसं उडवून लावलं.

आणि कोतवालाने सगळ्यात जवळचं घर म्हणून माझ्या आईलाच बोलावून आणलं आणि तो लिंबाखाली परत गेला. आई धुतलेलं पांढरं लुगडं नेसून आली होती. साहेबाला जयभीम केला. कारकुनाने मराठीत विचारलं, मुलाची जन्मतारीख कोणी सांगितली? आईचा चेहरा उजळला. तिला वाटलं गुरुजींची चौकशी म्हणजे गुरुजींचं काहीतरी चांगलं व्हायचं आहे. "आमी मागून घेतला हा दिवस, साहेब. पोरगं श्रावणातलं, गुरुजी देतच नव्हते. मी हटून बसली तवा देल्ला त्याहीनं. मंग सगळ्या बायांनं मागतला." आणि ती गुरुजींकडे बघून हसली. एवढ्या अभिमानाने ती आयुष्यात दुसरं काही बोलली असेल असं मला वाटत नाही. गुरुजीही तिच्याकडे बघून हसले... हो, हसले. कारकुनाने लेखणी उचलली आणि साहेबाने गुरुजींच्या सहीचा कागद पुन्हा पुढे ओढला. मी दाराची कडी धरून उभी होते.

पुढचं भराभर झालं. एकोणीसही दाखले रद्द. गुरुजी निलंबित, सहीनिशी खोटा जबाब दिला म्हणून; पण हे कारण त्यांच्या हातातल्या हुकमातच राहिलं, गावाला नुसतं निलंबन कळलं. पोरांना चंद्रपूरला नेऊन डॉक्टरांपुढे उभं केलं, दात पाहिले, मनगटाचे फोटो काढले आणि अंदाजाने वय ठरवलं. काहींचं भागलं, त्यांना नोकऱ्या लागल्या. विलास अंगाने काडी, मिसरूड धड फुटलेलं नाही. त्याचं वय अठराच्या आत भरलं. खरं म्हणजे त्याला वीस पुरी झाली होती, गुरुजींच्या रजिस्टरातलं साल बरोबर होतं. पण ते रजिस्टर आता खोटं ठरलेलं. शेत गेलेलं आणि नोकरीची मुदत टळलेली. विलास त्याच खाणीवर एका ठेकेदाराच्या हाताखाली रोजाने जाऊ लागला.

गावाने काय पाहिलं? गुरुजी आत गेले, आणि सगळं बुडालं. गुरुजींनी साहेबापुढे सगळं कबूल केलं, पंचशीलाचं ढोंग केलं आणि आमच्या पोरांचं वाटोळं केलं, असं लिंबाखाली ठरलं आणि तेच कायम झालं. आई आत गेली होती हे सगळ्यांना माहीत होतं; पण ती आत काय बोलली हे खोलीतल्या चौघांशिवाय कोणाला माहीत नव्हतं. साहेब-कारकून निघून गेले. उरलो गुरुजी आणि मी. आईला आपण काही वेगळं बोललो असं वाटलंच नाही, म्हणून तिने कोणाला सांगितलं नाही. गुरुजींनी एका शब्दाने सांगितलं नाही. आणि मी... मी मूलला निघून आले. रजा संपली होती ना!

दोन पावसाळ्यांनी, भर दुपारी, खाणीतून काढलेल्या मातीचा ढिगारा सरकला आणि विलास त्याखाली गेला. त्याला बाहेर काढायला संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी त्याला नेताना गुरुजी आले होते. डोक्याला काही नाही, पायात काही नाही, लोकांच्या मागून चालत होते. माझ्या मोठ्या काकांनी मागे वळून त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तुमी परत जा मास्तर. एवढं केलं ते पुरे." सगळे थांबले. मी चार हातांवर होते. एक वाक्य, असं मी गुरुजींना म्हणाले होते की नाही? तेवढंच एक वाक्य मलाही बोलायचं होतं. मी मान खाली घातली. गुरुजी परत फिरले. भावाच्या मरणाचं दुःख मला आहेच, पण त्या परतणाऱ्या पाठीची जी लाज मला वाटते ती दुःखाहून जड आहे, आणि ती मी आजवर कोणाला दाखवली नाही.

शेवटची भेट गेल्या वर्षीची. मी त्यांच्या घरी गेले, दिवसाढवळ्या, हिंमत करून. शाळेचा फळा सुटल्यावर त्यांनी घराच्या समोरच्या भिंतीवर हातभर जागा काळी करून घेतली होती आणि रोजची तारीख तिथे लिहीत होते. खाणीच्या सुरुंगांनी भिंतीला भेग पडली होती, तिच्या दोन्ही बाजूंनी ओळी जात होत्या. वाचणारं कोणी नव्हतं. मी त्यांना म्हणाले की गुरुजी, आईला सांगायचं काम माझं होतं, मी केलं नाही, आणि मी आता गावाला सगळं सांगते. ते बराच वेळ खोकत राहिले. मग म्हणाले, "तुही आई खरं बोल्ली. खोटं मी बोल्लो. शिक्षा मले झाली. यात कोणाचं काय चुकलं?" मी रडायला लागले तेव्हा त्यांनी मला दटावलं, आणि जाताना अंगणापर्यंत सोडायला येऊन हळूच सांगितलं, "तिले नको सांगू निर्मला. पोरगं गेलं तिचं. आता एवढ्यासाठी नको सांगू." म्हणजे पाहा, गावात बदनाम होऊन बसलेला तो माणूस माझ्या आईची झोप राखत होता. आणि मीही राखत होते म्हणे. खरं सांगते, मी माझी राखत होते.

ते आता गेले. त्यांच्या बायकोला गावात अजून कोणी धड बोलत नाही. हा लेख छापून आला की आमच्या गावातला कोणीतरी तो वाचणार आणि संध्याकाळपर्यंत आईच्या कानावर जाणार. पेपरात आल्यावर तिला दुसऱ्याच्या तोंडून कळावं, एवढी नालायक मी नाही. म्हणून इथपर्यंत लिहून झाल्यावर कागद घेऊन गेल्या रविवारी पळसबोडीला गेले.

आई अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होती. मी तिला सगळं वाचून दाखवलं. ती शाळेत आली तो भाग आला तेव्हा सूप थांबलं. पुढचं सगळं तिने तसंच, सूप मांडीवर धरून ऐकलं. काकांनी छातीवर हात ठेवला तेही. मी वाचायची थांबले तेव्हा तिने मान वर केली. मग म्हणाली, "म्हंजे विलासचं माह्यानं झालं."

मी म्हणाले, तुझ्यानं नाही आई, माझ्यानं. आदल्या दिवशी मी तुला एका शब्दाने सांगितलं असतं तर तू साहेबाला बरोबर सांगितलं असतंस. तो नोकरीला लागला असता. आज असता. मी हे सहा वर्षं मनात धरून आहे.

आई सुपातल्या डाळीवरून हात फिरवत राहिली. "तू सांगतलं असतं तरी मी खोटं नसती बोल्ली, निर्मले," ती म्हणाली. "गुरुजीपुढं उभी राहून मी खोटं बोलन का? तुह्यानं काई नाई झालं. काढून टाक ते मनातून." मग तिने विचारलं की पेपरात गुरुजींचं नाव येते का. येते म्हटल्यावर म्हणाली, माझंही टाक, विलासची आई म्हणून.

माझ्या आईला मी जन्मभर ओळखते. ती खोटं बोललेली मी कधी ऐकली नाही, त्यामुळे खोटं बोलताना ती कशी दिसते ते मला माहीत नाही. त्या दुपारी ती खरंच बोलली, की एकोणीस मुलांसाठी गुरुजींनी जे केलं होतं ते तिने एका मुलीसाठी केलं, हे मला कळलं नाही. तिला विचारायचं धाडस मला झालं नाही. तिने सूप भिंतीला टेकवलं, डोक्यावर पदर घेतला आणि ती गुरुजींच्या घराकडे निघाली.